हिवाळ्याचे पाणी

नाणे मावळातील वडिवळे हे गाव सह्याद्रीच्या माथ्याच्या पूर्व अंगास वसलेले आहे. तेथे पडलेला पाऊस इंद्रायणीला मिळतो, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तेथून थोड्याच कोसांवर पश्चिमेला, राजमाचीच्या आसपासच्या दऱ्यांत पडलेला पाऊस मात्र उल्हास नदीच्या पात्रातून कर्जत, बदलापूर, कल्याण अशी वळणे घेत घोडबंदरापाशी येतो आणि वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात उतरतो. या खाडीमुखाच्या उत्तर तीरावर वसईचा किल्ला व पाचूबंदर, दक्षिणेस डोंगरी, चौक, पाली, उत्तन. दोन्ही तीरांवर आमच्या ख्रिस्ती कोळी बांधवांची वस्ती शतकानुशतके नांदत आली आहे.

सृष्टीने आखलेली ही पाण्याची सीमा १९२२ साली माणसाने ओलांडली. वडिवळ्याच्या उत्तरेकडील डोंगररांगेपलीकडे, आंदर मावळात, टाटांनी ठोकरवाडीचे धरण बांधले. पूर्वेकडे जाणारे आंद्रा नदीचे पाणी कड्याखाली सोडून भिवपुरीच्या केंद्रात वीज निर्माण होऊ लागली आणि ते पाणी उल्हास नदीत पडू लागले. तेव्हापासून मावळचे पाणी भर हिवाळ्यातही वसईच्या खाडीच्या दिशेने वाहत आले आहे.

उलट दिशेची वाहतूक याहून कितीतरी जुनी आहे. समुद्राकडून मीठ आणि सुकी मासळी घाट चढून मावळात येत असे. या वाटांचा वापर किती प्राचीन, याची साक्ष कार्ल्याच्या चैत्यगृहात सापडते. तेथील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धर्मोपदेशकाचे दान कोरलेले आहे. सोपारा म्हणजे आजच्या वसई तालुक्यातील नालासोपारा. त्याच लेण्यासमोर एकवीरा देवीचे मंदिर आहे आणि दर चैत्रात किनाऱ्यावरचे हिंदू कोळी तिच्या दर्शनासाठी घाट चढून येतात. मावळ आणि समुद्र यांचे नाते असे दुहेरी आहे: पाणी खाली जाते, माणसे आणि मासळी वर येते.

हे सांगण्याचे कारण असे की, वसईच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास आम्ही बहुधा किल्ल्याच्या तटावरून पाहतो. १५३४ चा तह, मिशनऱ्यांचे आगमन, संत गोन्सालो गार्सिया यांचे १५९७ साली जपानात झालेले हौतात्म्य, १७३९ चा वेढा, एवढ्या पायऱ्या मोजल्या की इतिहास संपला असे मानण्याची आम्हांस सवय लागली आहे. ज्या समुद्राकडे किल्ल्याचा दरवाजा उघडतो त्याच्याकडे मात्र आमच्या लेखकांची पाठ असते. प्रस्तुत लेखात आम्ही त्या समुद्राच्या केवळ एका ऋतूचा, हिवाळ्याचा, विचार करणार आहोत. आमच्या मते या चार महिन्यांनीच येथील समाजाला जगवले आणि पुष्कळ अंशी येथील राजकारणही घडवले.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला म्हणजे दर्या शांत झाला असे सर्वसामान्य माणूस समजतो. कोळी तसे समजत नाही. श्रावण-भाद्रपदात नैर्ऋत्येच्या लाटा अजून चांगल्या जोरात असतात. किनाऱ्याजवळ त्यांची फूट इतकी पांढरी असते की लहान होडी ढकलणे धोक्याचे ठरते. आश्विनात वारा फिरतो. कार्तिकापासून उत्तरेचा व ईशान्येचा कोरडा वारा सुरू होतो, तो जमिनीवरून येत असल्यामुळे किनाऱ्यालगत त्याला लाट उठवायला लांबी मिळत नाही, आणि पाणी निवते. नाताळच्या सुमारास कित्येक दिवस असे येतात की सकाळी समुद्र तळ्यासारखा दिसतो.

या दिवसांत वाऱ्याची एक नित्याची पाळी असते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा उलटा येतो. शिडाच्या होड्यांच्या काळात या पाळीवर सारा व्यवहार उभा होता. पहाटे मतलईच्या पाठबळाने बाहेर पडायचे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याने शीड भरून घर गाठायचे. ज्याला या दोन वाऱ्यांमधली निर्वात वेळ कळली नाही, त्याला भर उन्हात वल्ही मारत बसावे लागे.

तथापि हिवाळ्याचा समुद्र सर्वस्वी भरवशाचा असतो असे नाही. कधी कधी येथे पान हलत नाही, आकाश स्वच्छ असते, आणि तरीही वायव्येकडून लांब लांब लाटा येऊन किनाऱ्यावर फुटू लागतात. इथला वारा पडलेला असताना समुद्र का उठावा, या कोड्याचे शास्त्रीय उत्तर फार अलीकडे मिळाले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, हिवाळ्यात इराणचे आखात व अरबस्तान यांवरून वाहणाऱ्या ‘शमाल’ वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. अरबी भाषेत शमाल म्हणजे उत्तर. ज्या वाऱ्याने लाट उठवली तो कोळ्याने पाहिलेलाही नसतो. त्याच्या वाट्याला येते ती फक्त शेकडो कोसांवरून चालत आलेली लाट. वाऱ्यापेक्षा पाण्याकडे पाहून निर्णय घेणारे जुने तांडेल या दृष्टीने शास्त्राच्या पुढेच होते म्हणायचे.

वारा हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भरती-ओहोटीचा, आणि वसईच्या कोळ्याच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. कारण त्याचे मुख्य जाळे, डोल, हे माशामागे धावत नाही. समुद्राच्या तळात उंच लाकडी खुंट रोवायचे, त्यांना शंकूच्या आकाराचे प्रचंड जाळे बांधायचे, जाळ्याचे तोंड प्रवाहाच्या समोर ठेवायचे आणि भरती किंवा ओहोटी जे घेऊन येईल ते स्वीकारायचे. पाणी थांबले की जाळे उचलायचे. प्रवाह उलटला की तोंडही उलटायचे. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, वाकटी ही या जाळ्याची मासळी. खुंट रोवणे हे अनेक हातांचे काम असून ते निवांत पाण्यातच साधते. खुंटांच्या जागा घराण्यांकडे वहिवाटीने चालत आल्या आहेत. या जागांवरून वसई-उत्तनचे मच्छीमार आणि उत्तरेकडील सातपाटी-डहाणूचे मच्छीमार यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालत आले, हेही येथे नमूद केले पाहिजे. समुद्राला कुंपण नाही हे म्हणणे कवीला शोभते, डोलकराला नव्हे.

डोलीची पद्धत नेमकी याच किनाऱ्यावर का रुजली, हे भूगोलच सांगतो. गोव्याकडे भरती-ओहोटीतील फरक दोन मीटरांच्या आसपास असतो. मुंबई-वसईकडे मोठ्या उधाणास तो साडेचार-पाच मीटरांपर्यंत जातो आणि खंबायतच्या आखाताकडे आणखी वाढतो. एवढे पाणी सहा तासांत चढायचे व सहा तासांत उतरायचे म्हणजे प्रवाह जोराचाच असणार. दक्षिणेकडचा रापणकार जाळे ओढतो. इथे जाळे स्थिर आणि समुद्रच ओढला जातो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाचे पाणी जोराचे, म्हणून डोल भरते. भांगाचे पाणी मंद, म्हणून जाळी किनाऱ्यावर येतात, वाळतात, शिवली जातात. महिन्याचे असे चार तुकडे पडतात आणि कोळीवाड्याचे लग्नकार्य, उसनवारी, विश्रांती सारे त्यांत बसवावे लागते. भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर सर्वत्र प्रचलित आहे: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, पण होडी काढण्यापुरता हिशेब चुकत नाही.

आमच्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ख्रिस्ती कोळ्याच्या घरी देवळाचे पंचांग रोमचे आणि पाण्याचे पंचांग तिथीचे, अशी दोन कालगणनांची नांदणूक चार शतकांहून अधिक काळ चालली आहे. सणवार, उपवास, बाप्तिस्मा, लग्न रोमच्या तारखेने. जाळे टाकायचे ते चतुर्थी-पंचमी पाहून. यात कोणाला विसंगती वाटली नाही आणि वाटण्याचे कारणही नव्हते. चंद्र कोणाच्याही धर्माचा नाही.

या दोन पंचांगांची गाठ एका ठिकाणी मात्र पक्की बसते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर, हा ख्रिस्तसभेचा जुना नियम. त्यावरून हिशेब केला तर असे दिसते की शुभ शुक्रवार हा पौर्णिमेच्या आदल्या दिवसापासून पौर्णिमेनंतरच्या पाचव्या दिवसापर्यंतच कधीतरी येतो. चर्चचा चंद्र आणि आकाशातील चंद्र यांत एखाद्या दिवसाचा फरक पडतो तेवढा सोडून द्यावा. म्हणजेच शुभ शुक्रवार नेहमी उधाणाच्या दिवसांत किंवा त्याच्या अगदी लगतच पडतो. शेतकऱ्याने पवित्र सप्ताहात नांगर ठेवला तर त्याचे काम आठ दिवस पुढे जाते. डोलकराने त्या दिवसांत जाळे न टाकणे म्हणजे पंधरवड्याच्या कमाईचा मोठा हिस्सा सोडणे. आमच्या पूर्वजांच्या भक्तीची उंची मोजताना देवळांच्या मनोऱ्यांबरोबर हाही हिशेब घेतला जावा.

आता इतिहासाकडे वळू. वसईच्या मोठ्या घटनांच्या तारखा एका ओळीत मांडल्या तर एक गोष्ट सहज नजरेत भरते. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना देण्याचा तह केला तो २३ डिसेंबर १५३४ रोजी. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला तो २८ डिसेंबर १७७४ रोजी. जनरल गॉडर्डने वसई जिंकली ती डिसेंबर १७८० मध्ये. दुसऱ्या बाजीरावाने पुण्याहून पळून, कोकणातून समुद्रमार्गे वसईस येऊन, इंग्रजांशी तह केला तो ३१ डिसेंबर १८०२ रोजी. चारही डिसेंबरातल्या. यात चमत्कार नाही. पावसाळ्यात बंद असलेला समुद्र उघडला की गलबते निघत, फौजा हलत आणि त्याच निवांत पाण्यावरून राज्ये बदलत. गोव्याहून फिरंगाणात येणारी आरमारेही या उघड्या समुद्राचीच वाट पाहत.

चिमाजी आप्पांचा वेढा याच्या उलट बाजूने पाहता येतो. फेब्रुवारी १७३९ मध्ये सुरू झालेला वेढा मे महिन्यात वसईच्या शरणागतीने संपला. मध्यंतरी खाडीच्या दक्षिण तीरावरील धारावीचा किल्लाही मराठ्यांच्या हाती आला. दोन्ही पक्षांपुढे एकच मुदत होती, ती पावसाळ्याची. समुद्र उघडा होता तोवर गोव्याहून कुमक येण्याची आशा होती. तो बंद झाल्यावर मराठ्यांच्या फौजेलाही या दलदलीच्या मुलखात टिकणे कठीण होते. वेढ्याच्या बखरी आणि पत्रे सुरुंगांची व मोर्चांची हकीकत देतात. त्याच महिन्यांत, त्याच पाण्यावर, ज्यांची जाळी खुंटांना बांधलेली होती त्या माणसांचे काय झाले, याविषयी आपल्या इतिहासग्रंथांत फारसे काही नाही.

निकाल मात्र डोळ्यांसमोर आहे. पोर्तुगीज अधिकारी, सरदार घराणी आणि बहुसंख्य युरोपीय धर्मगुरू किल्ला सोडून गेले. देवळे ओस पडली, मठांची छप्परे कोसळली. कोळी गेले नाहीत, शेतकरीही गेले नाहीत. राजाश्रय संपल्यावर श्रद्धा का टिकली, याची उत्तरे धर्मशास्त्राच्या अंगाने अनेकांनी दिली आहेत आणि आम्हांस ती मान्य आहेत. त्यात आम्ही एवढीच भर घालू इच्छितो की, ज्याचे पोट राजावर अवलंबून होते त्याला राजाबरोबर जावे लागले. ज्याचे पोट अष्टमी आणि पौर्णिमेवर अवलंबून होते त्याला जाण्याचे कारण नव्हते.

हिवाळ्याच्या वाऱ्याचे दुसरे कार्य पाणी शांत करण्याइतकेच मोलाचे आहे. तो मासळी सुकवतो. बोंबील हा मुळात पाण्यानेच भरलेला मासा. काढल्यावर काही तासांत तो विकला गेला पाहिजे, नाहीतर सुकवला गेला पाहिजे. दोन बोंबलांची तोंडे एकमेकांत अडकवून ते बांबूंच्या वलांडीवर टांगतात. मीठ लागत नाही. ऊन आणि कोरडा वारा पुरतो. हेच पावसाळ्याच्या दमट हवेत करू गेले तर मासळी कुजते. पुष्कळ मासा आणि कोरडी हवा या दोन गोष्टी एकाच वेळी येतात, या योगायोगावर या किनाऱ्याचा सुक्या मासळीचा व्यापार उभा राहिला. पुरुष पाण्यावर आणि बायका वलांडीवर, अशी कामाची वाटणी असते. मासळी उतरवणे, निवडणे, टांगणे, फिरवणे, उतरवून बांधणे आणि शेवटी पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसणे, हे सारे कोळिणीचे. घरची तिजोरीही तिच्याच कमरेला असे.

सुक्या मासळीची मागणी दोन ठिकाणांहून येई. एक आमच्याच समाजातून. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा प्रायश्चित्तकाळ बहुधा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पडतो. मांस वर्ज्य, मासळी चालते. दुसरी आणि मोठी मागणी घाटावरची. मावळात भात पिकतो, पाऊस मुसळधार पडतो, आणि पावसाळ्याचे चार महिने घराबाहेर पडणे मुष्किलीचे असे. म्हणून वैशाखात आगोटीची बेगमी करताना तांदूळ, मिरची, लाकूडफाटा यांच्या जोडीला सुके बोंबील, जवळा आणि वाकट्या भरून ठेवण्याची रीत. आषाढात चुलीवर भाजलेल्या बोंबलाचा वास ज्या मावळी घरात दरवळतो, त्या घराला समुद्र दिसत नसेल, पण समुद्राचा हिवाळा त्याच्या शिंक्यावर टांगलेला असतो.

बोरघाटाने ही वाहतूक होई. गव्हर्नर माल्कमच्या काळात, १८३० साली, घाटातील गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग सुरू झाला आणि सुक्या मासळीची पोती डब्यांतून पुण्याकडे जाऊ लागली. इंग्रजीतील ‘बॉम्बे डक’ हे बोंबलाचे नाव रेल्वेच्या टपालगाडीवरून, ‘डाक’ या शब्दावरून, पडले अशी एक गंमतीदार कथा सांगितली जाते. ती खरी मानता येत नाही. आगगाडी येथे १८५३ साली आली आणि ते नाव त्याच्या आधीच्या इंग्रजी लिखाणात आढळते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेचा एकेक खांब बदलत गेला. शिडाच्या जागी इंजिन आले, सुताच्या व तागाच्या जाळ्याच्या जागी नायलॉन आले. मतलईची वाट पाहण्याची गरज उरली नाही आणि होड्या दूर जाऊ लागल्या. त्याबरोबर ट्रॉलर आले, पुढे पर्ससीन जाळी आली, आणि स्थिर जाळ्याची वाट पाहणारा मासा त्या जाळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच उचलला जाऊ लागला. १९८१ साली महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले. कागदावर डोलकराची बाजू भक्कम होत गेली. समुद्रावर ती तशी झाली असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

याहून चिंतेची गोष्ट निराळी आहे. जाळी आणि बोटी बदलल्या तरी हिवाळा जागच्या जागी होता. आता तोही डळमळू लागला आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळे एकाच वेळी अरबी समुद्रात घोंगावत होती आणि ऐन हंगामात होड्या बांधून ठेवाव्या लागल्या. आणि २०१७ चे ओखी. नोव्हेंबरच्या अखेरीस ते श्रीलंकेजवळ उठले, कन्याकुमारी व तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरील शेकडो मच्छीमारांना, ज्यांतील बहुतेक आपलेच कॅथॉलिक बांधव होते, त्याने गिळले, आणि ४-५ डिसेंबरला ते आपल्या किनाऱ्याजवळ येऊन विरले. केरळ-तमिळनाडूच्या कित्येक बोटींनी देवगडच्या बंदरात आसरा घेतला. मुंबई परिसरात शाळांना सुट्टी दिली गेली आणि डिसेंबरात पाऊस पडला.

शहरातल्या माणसाला डिसेंबरातील पाऊस हा नवलाचा विषय वाटतो. वलांडीवर टांगलेल्या मासळीला तो पुरात बुडालेल्या पिकासारखा आहे. पिकाला पंचनामा असतो, नुकसानभरपाईचा दर असतो, तलाठी बांधावर येतो. सुकत घातलेल्या बोंबलाची नोंद कोणत्या वहीत करायची, हा प्रश्न कोळिणीने दर वेळी नव्याने विचारायचा असतो.

खाडीच्या पाण्याविषयी थोडे सांगणे उरले आहे. खाडीमुखाजवळ गोडे व खारे पाणी मिसळते, तेथे करंदी, जवळा, मांदेली यांची पिल्ले वाढतात. घाटावरून येणाऱ्या पाण्याचा पुष्कळसा भाग आज वाटेतच शहरे व कारखाने उचलतात. उत्तनचा समावेश असलेल्या मिरा-भाईंदर शहराच्या नळांनाही उल्हासचेच पाणी येते. त्या बदल्यात नदीत काय सोडले जाते, ते उल्हासनगर-कल्याणच्या खालचे पात्र पाहिलेल्या कोणासही सांगायला नको. डोलीत मासळीबरोबर प्लास्टिक भरून येते ते याच वाटेने. दुसरीकडे, टाटांच्या धरणांतून पश्चिमेला जाणारे पाणी पुन्हा पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात सोडावे, ही मागणी घाटावरून होत आली आहे. ती मागणी अवाजवी आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या जमिनी ठोकरवाडीच्या आणि मुळशीच्या तळ्यांखाली गेल्या त्यांच्या वारसांना तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. त्या चर्चेत वीज आहे, ऊस आहे, कल्याण-अंबरनाथचे नळ आहेत. खाडीच्या मुखावर खुंट रोवून बसलेला डोलकर त्यात अद्याप आमच्या वाचनात आलेला नाही.